करुणा गट, भांडी गट

चोवीस वर्षांच्या पोरीनं आठवणी लिहायला बसू नये, असं माझे पप्पा म्हणतात. "अजून तुझं झालंय काय अन् लिहायलीस काय," असं त्यांचं चालू असतं. पण मला वाटतं हेच वय बरं. साठीला पोचल्यावर माणूस सगळ्यांना माफ करून बसतं, आणि मग लिहायला निस्ता चांगुलपणा उरतो. मला अजून सगळं ताजं आठवतंय, कोण काय बोललं, कसल्या तोंडानं बोललं, आणि माझी बोटं मोबाईलवर इतक्या जोरात पळतात की लाज वाटायच्या आत वाक्य लिहून होतं. म्हणून आत्ताच लिहिते. बारावीच्या वर्षाचं लिहिते, कारण त्या वर्षी आमच्या जिंतूरच्या चर्चमध्ये देवानं कोणाला काय दिलंय ह्याची मोजणी झाली, आणि त्या मोजणीत मी माझ्या मायला फसवलं.

आमी राहायचो जिनिंगच्या मागं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या मागं. दोन खोल्या, वर पत्रे. कापसाचे दिवस आले की जिनिंगचा आवाज सकाळपासून असा काही सुरू व्हायचा की मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागायचं, आणि जिनिंग बंद झाली तरी आमची ओरडायची सवय काही बंद व्हायची न्हाई. पप्पा कापसाचा टेम्पो चालवायचे. त्यांच्या शर्टातून, केसांतून, कधीकधी तर भाजीतून सुद्धा कापूस निघायचा. माय बोरी गावची, चौथी शिकलेली. रविवारी सकाळी ती सुशीला करायची, म्हणजे भिजवलेले मुरमुरे कांदा-मिरचीत परतून, आणि दुपारच्या येसराच्या आमटीचा मसाला आधीच खमंग करून ठेवायची. त्यामुळं आमी चर्चला गेलो की बाकावर आमच्या शेजारी बसलेल्या माणसाला उपासना संपेपर्यंत भूक लागलेली असायची. लग्नाआधी मायनं चर्चची पायरी कधी चढलेली नव्हती. पप्पांच्या घरात आल्यावर ती ख्रिस्ती झाली, आणि झाली तर अशी झाली की पप्पा, जे जन्मापासून ख्रिस्ती, ते तिच्या मागं मागं चर्चला जायला लागले. पण आमच्या मंडळीत जुनी घराणी आणि नवीन माणसं असे दोन भाग आहेत. हे कुठं लिहिलेलं न्हाई, सगळ्यांना पाठ आहे. जुनी घराणी म्हणजे ज्यांचे आजे मिशनच्या बोर्डिंगात शिकले. नवीन म्हणजे बाकीचे. वीस वर्षं झाली तरी माणूस नवीनच राहतं, शोरूममधल्या गाडीसारखं.

मी त्या काळात लय बावळट होते, म्हणजे स्वतःला लय हुशार समजायचे. घरात मी मायला माय म्हणायचे. चर्चच्या फाटकातून आत पाय टाकला की मम्मी. मायच्या ते लक्षात आलेलं होतं. ती फाटकाच्या आत आल्यावर उगंच दोनदा हाक मारायची, "काय म्हणलीस गं?" आणि मी दात आवळून पुन्हा मम्मी म्हणायचे.

चर्चमध्ये मायला कागदावर काहीच काम नव्हतं. ना कमिटीत, ना गायनात, ना संडेस्कूलमध्ये. पण कोणाचं ऑपरेशन झालं, कोणाच्या पोरीची सोयरीक मोडली, कोणाचा नवरा तीन दिवस बोलला न्हाई, की माय पदर खोचून निघायची. काय करायची तिथं जाऊन, तर बसायची. मी एकदा दोनदा सोबत गेले तर इतकी बोअर झाले की भिंतीवरच्या कॅलेंडरमधले सगळे सण वाचून काढले. आणि दर बाजाराच्या दिवशी तिचा एक मुक्काम ठरलेला, साळवेआजीकडं. साळवेआजी म्हणजे साळवे गुरुजींची आई. नव्वदीच्या आसपासची, अंथरुणाला खिळलेली, आणि तोंडानं इतकी तिखट की नर्स टिकायची न्हाई. माय तिचं डोकं विंचरायची, पाय मांडीवर घेऊन नखं काढायची, आणि दोघी मिळून अख्ख्या जिंतूरची उणीदुणी काढायच्या. शेवटी दोन मिनिटं प्रार्थना. मी विचारलं, "दोन तास काय करता गं तुमी?" तर म्हणे, "बोलतो." बास.

आता साळवे गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक, जुनं घराणं, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, एक निळा एक लाल. लाल पेन निवृत्तीनंतर कशाला, असं कोणी विचारलं न्हाई, कारण सगळ्यांना दिसत होतं. चर्चच्या सूचनापत्रात ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर गुरुजी उपासना चालू असताना ते लाल पेननं दुरुस्त करायचे. एका नाताळला पाळकसाहेब म्हणाले, ज्यांना वाटेल त्यांनी उठून प्रार्थना करावी. सगळे माना खाली घालून दुसऱ्याची वाट बघायले होते. माय उठली. "देवा, बघ बाबा, औंदा कापसाला भाव न्हाई, तू काय करायलास माहीत न्हाई पण कायतरी कर," अशी तिनं सुरुवात केली आणि नावानिशी बावीस माणसांची दुखणी देवाच्या कानावर घातली. नंतर केक वाटताना गुरुजी तिला म्हणाले, "कौसल्याबाई, प्रार्थना मनापासून असते तुमची. जरा शुद्ध भाषेत केलीत तर देवालाही सोपं जाईल." सगळे हसले. मी पण हसले. जिनिंगमागं राहिलेली पोर, माझंच हसू सगळ्यात मोठं होतं. माय केक खात राहिली.

तर त्या वर्षी आमचे नवे पाळकसाहेब कुठल्यातरी तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले आणि येताना एक फॉर्म घेऊन आले. पाळकसाहेब तरुण, चांगल्या मनाचे, आणि प्रत्येक शिबिराहून काहीतरी घेऊन यायचे. मागच्या वेळी ढोलकीच्या जागी ड्रम आणला होता, तो वाजवणारा कोणी नसल्यानं त्याच्यावर चादरी वाळत घालायचे. ह्यावेळी 'कृपादान शोध पत्रिका' होती. बावन्न प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण स्वतःच स्वतःला द्यायचे, मग बेरीज करायची, आणि ज्या कृपादानाची बेरीज जास्त, त्या गटात तुमी. प्रशासन, शिक्षण, आदरातिथ्य, करुणा, साहाय्य असे गट. "देवानं प्रत्येकाला काहीतरी दिलंय," पाळकसाहेब व्यासपीठावरून म्हणाले, "पण चुकीचा माणूस चुकीच्या जागी बसलाय." हे ऐकून चर्चमधल्या प्रत्येक माणसानं मान वळवून दुसऱ्याकडं बघितलं.

फॉर्म इंग्रजीतून मराठीत कोणी आणला होता देव जाणे. एक प्रश्न होता, "तुम्हाला मोठे चित्र पाहता येते का?" त्यावर एका मावशीनं लिहवून घेतलं, मोतीबिंदू झालाय, शून्य. दुसरा होता, "तुम्ही खोलीत आल्यावर वातावरण बदलते का?" एका काकांनी शेजारी टीप लिहिली, पंखा लावल्यास बदलते. पण खरी गंमत वेगळीच झाली. आमच्या लोकांना लहानपणापासून शिकवलेलं की स्वतःची स्तुती म्हणजे पाप. त्यामुळं जितकं माणूस भलं तितके त्याचे शून्य. ज्या काकांनी स्वतःच्या हातानं चर्चचं छप्पर दुरुस्त केलं त्यांनी बावन्नच्या बावन्न प्रश्नांना शून्य लिहून खाली सही केली, 'मी पापी'. आणि ज्या म्हाताऱ्यांना लिहिता येत न्हाई त्यांचे फॉर्म कोणी भरले, तर त्यांच्या सुनांनी. सगळ्या मंडळीतल्या सासवांना करुणेत शून्य, सहनशीलतेत शून्य, आणि 'इतरांच्या कामात चुका शोधता येतात का' ह्याला पैकीच्या पैकी. बेरजा करायला मी आणि गुरुजी. मी मोबाईलवर टाईप करायचे, गुरुजी तपासायचे. गुरुजींचा स्वतःचा फॉर्म आला तो दोनशे साठपैकी दोनशे अठ्ठावन्न. दोन गुण नम्रतेसाठी कापले होते, असं ते म्हणाले. ह्या हिशोबानं गुरुजी पाचही गटांचे प्रमुख झाले.

(आता मी पुण्यात ज्या कंपनीत आहे तिथं मागच्याच महिन्यात अगदी असाच फॉर्म भरून घेतला. आमचा मॅनेजर 'ऐकून घेणे' ह्यात पहिला आला. मी काही बोलले न्हाई. मी शिकलेली आहे.)

मायचा फॉर्म भरायचा राहिला होता. एका दुपारी ती चुलीपुढं भाकरी थापत बसली होती, मी समोर पाटावर.

"शून्य ते पाच सांगायचं. शून्य म्हणजे अजिबात न्हाई, पाच म्हणजे पूर्ण."

"बरं. वाच."

"दुःखात असलेल्या माणसाजवळ बसायला तुम्हाला आवडतं का?"

"आवडायचं काय त्यात, बसावं लागतंय." तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "पाच."

"आजारी माणसाला तुमच्या भेटीनं बरं वाटतं का?"

"पाच."

"लोक तुमच्याजवळ मन मोकळं करतात का?"

"लय. नको नको ते सांगतेत. सहा हाय का?"

"न्हाई."

"मग पाच."

"देव तुमची प्रार्थना ऐकतो असं तुम्हाला वाटतं का?"

"वाटायचं काय? ऐकतो. पाच."

माय पाचाच्या खाली यायलाच तयार न्हाई. 'हिशोब ठेवता येतो का' ह्याला तिनं सरळ शून्य सांगितलं, 'मुलांना शिकवता येतं का' ह्याला एक, म्हणजे फेकत नव्हती. पण करुणेच्या दहा प्रश्नांना दहा पाच. आणि मधेच हात थांबवून ती म्हणाली, "मला बाकी काय नको बघ. त्या करुणेच्या गटात नाव आलं पाहिजे. इतकी वर्षं जायलेय, एकदा मंडळीत सगळ्यायपुढं नाव घ्यावं. कौसल्या खंदारे, असं."

मला काय दिसलं माहीत आहे का? मला लाल पेन दिसलं. मला गुरुजी दिसले, फॉर्म नाकापुढं धरून, "अरे वा, कौसल्याबाईंना पन्नासपैकी पन्नास," आणि तेच केकच्या वेळचं हसू. म्हणून ती पाच म्हणाली की मी दोन लिहिलं. पुढच्याला तीन. मग परत दोन, मग एक, खरं वाटावं म्हणून. पेनाचा हात दुसऱ्या हातानं झाकला, परीक्षेत झाकतात तसा. मनात म्हणलं, मी तिची इज्जत वाचवायलेय. खरं तर माझी.

निकालाच्या रविवारी मायनं मोरपंखी साडी नेसली, जी ती लग्नाला नेसायची, तेपण जवळच्याच. दुसऱ्या बाकावर बसली. एरवी आमी सहाव्या बाकावर. गुरुजींनी यादी वाचली. प्रशासन गट, प्रमुख साळवे गुरुजी. शिक्षण गट, प्रमुख साळवे गुरुजी. करुणा व भेटी गट, प्रमुख साळवे गुरुजी, आणि सहा नावं, सहाही जुनी घराणी. देव सुद्धा आडनाव बघून कृपा वाटतो हे मला त्या दिवशी कळलं. छप्पर दुरुस्त करणाऱ्या काकांना देवानं काहीच दिलेलं न्हाई असं निघालं, म्हणून त्यांना चपलांची रांग बघायला ठेवलं. आणि सगळ्यात शेवटी, "साहाय्य सेवा, म्हणजे भांडी आणि सतरंज्या. कौसल्या खंदारे."

मायनं पदर नीट केला. दुसरं काही केलं न्हाई. घरी येताना तिनं पाव किलो मिरच्या घेतल्या, मिरचीवाल्याशी भाव केला न्हाई. त्यावरून मला कळलं. जेवताना पप्पा म्हणाले, "भांडी तर तू घरी बी घासतीस, त्याला कृपा कशाला लागती?" माय म्हणाली, "फॉर्मात निघालं ना. मग बरोबरच असंल." आणि माझ्याकडं बघितलं पण न्हाई.

मग करुणा गट कामाला लागला. गुरुजींनी हजेरीचं रजिस्टर केलं. एका भाऊंचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, सरकारी दवाखान्यात होते, तिथं सातही जण रांगेत उभे राहिले आणि गुरुजींनी बायबलातला एक अख्खा मोठा अध्याय वाचला. भाऊ झोपेचं सोंग घेऊन पडले. तर गुरुजी म्हणाले, झोप लागली वाटतं, उठले की पुन्हा वाचू, आणि खुर्ची ओढून बसले. भाऊ दोन तास डोळे मिटून होते. शेवटी लघवीला लागली तेव्हा उठावं लागलं, आणि अध्याय पुन्हा पहिल्यापासून. जिची सोयरीक मोडली होती त्या पोरीच्या घरी जाऊन गुरुजींनी तिला ह्या प्रसंगातून मिळालेले तीन धडे लिहायला लावले. लोक दुखणी लपवायला लागले. कोणी खोकलं तरी म्हणायचं, ठसका लागला.

आणि माय? मायनं भांडी घासली. अशी घासली की प्रीतिभोजनाच्या, म्हणजे चर्चच्या पंगतीच्या, पातेल्यात तोंड दिसायचं. पण भांड्यांच्या पलीकडं एक पाऊल टाकलं न्हाई. गल्लीतली एक वहिनी लेकराला ताप आला म्हणून पळत आली, तर मायनं लेकराला मांडीवर घ्यायच्या आधी विचारलं, "करुणा गटाला फोन केला का?" वहिनी तोंडाकडं बघायली. "ते बघतेत आता. माझ्याकडं सतरंज्या हायत." लेकराला शेवटी तिनं घेतलंच, पट्ट्या ठेवल्या, ताप उतरला, पण वहिनीला बजावलं, कुठं बोलू नको, माझा गट न्हाई. बाजाराचा दिवस आला. माय घरी बसून डाळ निवडत राहिली. दुसरा आला, तिसरा आला, चौथा आला. मी म्हणलं, "आजीकडं न्हाई का जायचं?" तर म्हणाली, "तिथं प्रमुखच घरात हायत की." माझ्या घशात पाच-सहा वेळा शब्द आले आणि पाच-सहा वेळा मी ते भाकरीबरोबर गिळले. दीड महिना.

मग एका दुपारी आमच्या पत्र्याच्या दारात स्कूटर थांबली. गुरुजी. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरी. शर्टाची इस्त्री मोडलेली. जिनिंग चालू होती, त्यामुळं त्यांनी हळू आवाजात जे काही म्हणलं ते आमाला ऐकूच आलं न्हाई.

"मोठ्यानं बोला, गुरुजी," माय म्हणाली.

"म्हटलं, सहज आलो. या बाजूला काम होतं."

"बसा. चहा ठेवते. दूध न्हाई, काळा चालंल का?"

गुरुजी पाटावर बसले, गुडघे छातीला लावून. चहा झाला. जिनिंगवर बोलले, उन्हावर बोलले, माझ्या बारावीवर बोलले. मग म्हणाले, "आई आठवण काढते तुमची."

"माझा बी नमस्कार सांगा."

"म्हणजे, आलात तर बरं होईल एकदा."

"मी तर भांडी गटात, गुरुजी," माय अगदी गोड आवाजात म्हणाली. "करुणा तुमच्याकडंच हाय. तुमाला दोनशे अठ्ठावन्न पडलेत."

गुरुजींनी कपाकडं बघितलं. जिनिंगचा आवाज मधेच थांबला, कापसाची गठाण बदलताना थांबतो तसा, आणि त्या शांततेत त्यांचं बोलणं एकदम मोठ्यानं ऐकू आलं. "दोन दिस झाले, माझी माय जेवली न्हाई. कुनालाच जवळ येऊ देईना. मी वाचून दाखवायलो तर म्हणली, गप बस, ती कुठं हाय ते सांग."

ह्या माणसाच्या तोंडून 'न्हाई' मी पहिल्यांदा ऐकलं. ते त्यांचं त्यांना पण ऐकू आलं असावं, कारण त्यांनी घाईनं चष्मा पुसायला काढला.

मायचा चेहरा बदलला. ती मला म्हणाली, "तवा ठेव. धपाट्याचं पीठ काढ, तीळ टाक." मी उठले. म्हणजे ती जाणारच होती, हे ठरलं. पण मग गुरुजींनी जे करायला नको ते केलं. खुशीत येऊन म्हणाले, "तुमचं नाव करुणा गटात घ्यायला माझी काही हरकत नाही. पण तसं एकदम करता येत नाही. पत्रिकेत तुमची बेरीज बावीसच आलेली आहे. पन्नासपैकी. नियम सगळ्यांना सारखे."

माझ्या हातातलं पीठ परातीत पडलं. मी म्हणाले, आणि मला हे कसं म्हणता आलं ते अजून कळत न्हाई, "ते मी कमी केलं. मायनं सगळ्याला पाच सांगितले होते. मी दोन दोन लिहिलं."

गुरुजी माझ्याकडं बघायले. मी मायकडं बघितलं न्हाई, परातीकडं बघितलं.

"माहीत हाय," माय म्हणाली.

"कसं?"

"आकडे येतेत मला. मोबाईल कोन लावून देतंय मला, तू? पाच अन् दोन कळत न्हाईत व्हय, हातानं झाकले तरी?" तिनं चुलीत काटकी सारली. "तव्यावर भाकर होती म्हणून त्या वेळेला बोलले न्हाई. त्या रविवारपर्यंत वाटलं, बेरीज करताना तू नीट करशील. मग म्हणलं बघावं, किती दिस पोटात ठेवतीस."

"मग कामून न्हाई बोललीस?"

"तू कामून न्हाई बोललीस?"

तिनं पदराला हात पुसले आणि गुरुजींपुढं हात केला. "कोरा फॉर्म असंल की तुमच्या पिशवीत. आणा. पेन बी द्या. आता मीच लिहिते."

"सगळे बावन्न?"

"करुणेचे तेवढे. आजी उपाशी हाय. तुमी वाचा."

गुरुजींनी निळं पेन दिलं. माय म्हणाली, लाल द्या, ते चांगलं उमटतंय. आणि मग आमच्या घरात, धपाट्याच्या धुरात, निवृत्त मुख्याध्यापक पाटावर बसून मोठ्यानं वाचायले आणि माझी चौथी पास माय मांडी घालून फॉर्मवर वाकली. "दुःखात असलेल्या माणसाजवळ," त्यांनी सुरुवात केली. मायनं पाच काढला. सावकाश, पोट गोल, शेपटी नीट. दुसरा प्रश्न आला, "आजारी माणसाला तुमच्या भेटीनं बरं वाटतं का?" मायनं पेन उचललं आणि थांबली.

"हे मी कसं सांगू? माझ्या तोंडानं बरं दिसत न्हाई. तुमीच सांगा, गुरुजी."

गुरुजींनी चष्मा वर सरकवला.

"पाच," ते म्हणाले.

"पुढचा?"

पुढचे आठही तिनं त्यांच्याकडूनच वदवून घेतले. प्रत्येक वेळी पेन उचलून वाट बघायची, त्यांनी पाच म्हणलं की मग टेकवायचं. दहावा झाल्यावर तिनं कागद वर धरून वाळवला, जसं काही शाईचं पेन होतं, आणि त्यांच्या हातात दिला. धपाटी फडक्यात बांधली. चपला घालता घालता, माझ्याकडं न बघता, गुरुजींना म्हणाली, "आन् भांडी गटात एक जागा रिकामी झाली. तिथं हिचं नाव लिवा. फॉर्म भरायची गरज न्हाई, हिचं कृपादान मला माहीत हाय." गुरुजींनी तिथल्या तिथं लिहून घेतलं. इतक्या पटकन त्यांनी कधी काही लिहून घेतलेलं मी बघितलं न्हाई. माय स्कूटरवर मागं बसली, एका हातात धपाटी, एका हातानं सीट घट्ट धरलेली, आणि दोघं जिनिंगच्या कोपऱ्यावरून वळून गेले.

आजी त्या दिवशी दीड धपाटं जेवली आणि मायला इतक्या शिव्या दिल्या म्हणे, की शेजारची माणसं दारात येऊन उभी राहिली. एवढे दिवस कुठं मेली होतीस, त्यातली सगळ्यात सभ्य.

पुढच्या रविवारी नाव वाचायचं ठरलं. पण आजी मायला सोडायला तयार न्हाई, आणि गुरुजींच्या घरची सगळी तर चर्चला येणार, प्रमुखाच्या घरचीच ती. मग आजीपाशी बसणार कोण? तर माय. म्हणजे गुरुजींनी मंडळीपुढं कौसल्या खंदारे हे नाव वाचलं तेव्हा कौसल्या खंदारे गुरुजींच्याच घरात त्यांच्या आईची नखं काढत बसली होती, आणि मी चर्चच्या मागं, नळाखाली, पहिल्या पातेल्याचं काळं बूड घासत कान देऊन ऐकत होते. हात धुवून पळत साळवेंच्या घरी गेले. माय ओसरीवर आली, मागं आजीचं काहीतरी चालूच होतं.

"वाचलं का?"

"वाचलं."

"पहिलं का शेवटचं?"

"शेवटचं. यादी आधीची छापलेली होती ना, खाली पेननं लिहिलं होतं."

"पूर्ण नाव?"

"पूर्ण."

"मग? लोक काय म्हणले?"

लोक काहीच म्हणले नव्हते. पण तिचा चेहरा असा झाला होता, लग्नातल्या पोरीसारखा, की माझ्या तोंडून निघून गेलं, "टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी."

मायनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. हात अजून काळेच होते माझे.

"उपासनेत टाळ्या कोन वाजवतंय?"

मी हात मागं घेतले.

"झालं तेवढं सांग."

मग मी झालं तेवढं सांगितलं. गुरुजींनी नाव वाचलं, वाचताना थोडे अडखळले, मागच्या बाकांवर कोणीतरी खोकलं, आणि पुढचं गीत सुरू झालं.

"कोन खोकलं?" माय म्हणाली, पदर खोचत.